पहिला घाव

यमुना गांगुर्डेनं निरोपाच्या दिवशी
पेढ्याच्या बॉक्सआडून हातात कोंबली
पगाराच्या जुन्या स्लिपची पुडी.
आत सात बिया.
"आमच्या दिंडोरीचं डांगर आहे, ताई.
गेटावर विचारलं तर सांगा, यमुनाचं आहे."

तेहेतीस वर्षं त्या गेटावर झडती दिली मी.
डबा उघडून, छत्री उघडून,
एकदा तर अंबाडासुद्धा सोडून.
दिवसभर नोटांवरची शून्यं बघायची,
कुठे शाई पसरली, कुठे कड तुटली,
कुठल्या शून्याचं पोट बुजलं,
आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी रिक्षा.
(चौथीत गणितात भोपळा मिळाला तेव्हा
काका म्हणाले होते, हिच्या हाती पैसा देऊ नका.)
त्या दिवशी पहिल्यांदा
प्रेसमधून काहीतरी घेऊन घरी आले.

जानेवारीत जेलरोडला असा गारठा
की बी जमिनीत नुसतं पडून राहतं.
ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या मागे ठेवल्या,
जिथे मांजर बसतं तिथे.
पाचांना कोंब आले, दोन कुजल्या.
बाद माल मी लगेच वेगळा काढते.

मार्चपर्यंत धुण्याच्या दगडावरून निघालेला वेल
टाकीवर, टाकीवरून डिशच्या छत्रीवर,
आणि मला न विचारता
कोठावद्यांच्या पत्र्यावर.

कोठावद्यांशी माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य,
गटारीच्या उतारावरून. चौदा वर्षं.
मी वेल ओढायला गेले तर तुटायला लागला,
म्हणून सोडून दिला.

माझ्या बाजूला सगळी नर फुलं.
लांब देठावर ताठ, पिवळीधमक,
दहा वाजले की तोंड पाडून बसणारी.
मादी फुलं आली ती पत्र्यावर, पलीकडे,
प्रत्येकीच्या खाली सुपारीएवढा भोपळा,
आणि तीन दिवसांत पिवळा पडून गळालेला.
मधमाशी कुठे दिसेना.

मग एका पहाटे, प्रेसचा भोंगा व्हायच्या आत,
मी नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या
आणि भिंतीवरून हात पलीकडे केला,
वर्गात चिठ्ठी सरकवावी तसा.
कोठावदे बनियनवर, स्टुलावर उभे.
फूल घेतलं. बघितलं.
"चोळू, की नुसतं टेकवू?"
चौदा वर्षांतलं पहिलं वाक्य.
मला हसू आवरेना, आतून वहिनींनाही.
"टेकवा," म्हटलं, "हळू."

एकच धरला.
पत्रा तापायला लागल्यावर त्यांनीच
खाली गोणपाट सारलं, वर जुनी चादर बांधली.
पानांवर भुरी आली तेव्हा
आंबट ताक मी शिंपडलं, शिव्या त्यांनी दिल्या.

मेअखेर देठ वाळला, नख रुतेना.
भंगारवाल्याच्या काट्यावर साडेनऊ किलो.
प्रमिलावहिनी म्हणाल्या,
"बाईनं आख्खा भोपळा चिरू नये हो.
पहिला घाव घरातल्या पुरुषाचा."
माझ्या घरात पुरुष म्हणजे मांजर.
कोठावदे विळा घेऊन आले,
दारातच थांबले,
मूठ माझ्याकडे करून पुढे धरला.
मी दोन्ही हातांनी दाबला.
करकरला, अडकला, मग एकदम उघडला,
आणि सगळ्या ओट्यावर तो वास,
कच्च्या काकडीचा, थोडा पावसाचा.

अर्धा भिंतीपलीकडे गेला. घारगे आले.
गटारीचा उतार आहे तसाच आहे,
पाणी अजून माझ्याच दारात येतं.

बिया परातीत धुऊन मोजायला बसले.
दोनशे अकरावर पलीकडून हाक आली,
गूळ कमी पडला का म्हणून.
आकडा चुकला.
प्रेसमध्ये असते तर
पुन्हा पहिल्यापासून.